धोंड्याच्या महिन्यात आबा कुणाकडं?

परभणीच्या कॉलेजात मी काय शिकते हे सांगितलं की लोक आधी हसायचे, आणि हसून झालं की त्यांना आपल्या घरचा म्हातारा आठवायचा. "वृद्धत्वशास्त्र," मी म्हणायचे. "म्हंजे म्हाताऱ्यांचं?" "हां, म्हाताऱ्यांचं." "त्यांचं काय शिकायचं असतंय?" मी उत्तर द्यायच्या आत तोच माणूस जवळ सरकून आवाज खाली करायचा. "न्हाई, आमच्या बी घरी हाय एक. रात्रभर खोकतो आन सकाळी म्हणतो, डोळ्याला डोळा न्हाई. काही गोळी असती का त्याच्यावर?" एसटीत, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत, जिथं बघावं तिथं माझा फुकटचा दवाखाना सुरू. गोळी नसते म्हटलं की लोक नाराज व्हायचे. मग शिकता तरी काय, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असायचं.

खोटं कशाला बोलू, म्हाताऱ्यांच्या मायेपोटी आमच्या वर्गात कुणीच आलेलं नव्हतं. माझं बी.ए. झालं, बी.एड.ला नंबर लागला नाही, आणि प्रवेशाच्या खिडकीतल्या बाबूनं मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "ह्या कोर्सला जागा हाय. सगळ्याच हायत." माझ्या शेजारच्या पोराला इस्राएलला जायचं होतं. तिथं म्हाताऱ्यांची सेवा करायला बाहेरची माणसं नेतात असं त्याला कळलं होतं. तिकडच्या भाषेत 'आजी, बरं वाटतंय का' हे तो घोकत फिरायचा. स्वतःच्या आजीला त्यानं हे मराठीत कधी विचारल्याचं ऐकिवात नव्हतं. मागच्या बाकावर एक पोक्त मास्तर होते, त्यांना बढतीसाठी कागद पाहिजे होता. ते तासाला खुशाल घोरायचे. म्हातारपणातली झोप हा विषय निघाला की आम्ही सगळे मागं वळून बघायचो.

मॅडम नांदेडहून रेल्वेनं यायच्या. जाताना गाडी उशिरानं होती की तास रंगायचा, गाडी वेळेवर होती की तास आटपायचा. पण बाई मनानं चांगली होती. पहिल्याच दिवशी तिनं फळ्यावर सुंदर अक्षरात आमचं भविष्य लिहून टाकलं: समुपदेशक, वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक, आरोग्य समन्वयक, संशोधक, धोरण सल्लागार. "येणारा काळ म्हाताऱ्यांचा आहे," ती म्हणाली. मास्तरांनी तेवढ्यापुरते डोळे उघडले आणि परत मिटले.

घरी येऊन मी आईला फळ्यावरचं सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती.

"आन ह्याच्यातली मी कोण?" तिनं विचारलं. "सासऱ्याचं आंघोळीचं पाणी, गोळ्या, धोतर, पथ्य, वरून रुसवेफुगवे. चार महिने मी, चार महिने तुझी मोठी काकू, चार महिने मानवतची. आमाला कोणत्या कॉलेजानं सर्टिफिकेट दिलं?"

"तुला आमच्यात अनौपचारिक परिचारक म्हणतात," मी म्हणाले.

"लय उपकार झाले," आई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

पप्पांचं वेगळंच. मी एकुलती एक. पोरगा नाही म्हणून गावानं वर्षानुवर्षं त्यांची कीव केलेली. आता चहाच्या टपरीवर कुणी तो विषय काढला की ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, "माझी पोरगी म्हाताऱ्यांचंच शिकायली. मला काय फिकीर?" आधी गंमत म्हणून म्हणायचे. नंतर नंतर त्यांना ते खरंच वाटायला लागलं.

मला पहिली नोकरीही फळ्यावरच्या यादीतली आली नाही, स्थळ म्हणून आली. गंगाखेडकडचं घर होतं, मुलगा साखर कारखान्यात. मुलाची आई माझ्याकडं इतक्या मायेनं बघत होती की मलाच शंका आली. कांदेपोहे खाऊन झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले. "आमचे सासरे अंथरुणाला खिळलेत," ती म्हणाली. "मी तर बेजार झाले बगा. पोरगी ह्याच लाईनीतली हाय कळलं आन म्हणलं, देवानंच धाडली." मुलाला माझ्याशी काही बोलायचंय का हे कुणी विचारलं नाही, आणि सासऱ्यांना उठवून बसवायला किती माणसं लागतात हे मात्र मला नीट सांगितलं. ते गेल्यावर आई म्हणाली, "नको गं बाई. त्यापरीस नोकरीच कर. रविवारची सुट्टी तरी मिळंल."

मग आला ज्येष्ठ नागरिक दिन. कॉलेजनं ठरवलं, आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांचा सत्कार करायचा. आयोजन आमचं, म्हणजे ह्या विषयातल्या होऊ घातलेल्या तज्ज्ञांचं. आम्ही फुगे लावले, रांगोळी काढली, शाली मोजून ठेवल्या. सभागृह वरच्या मजल्यावर आहे, जिन्याला कठडा नाही आणि येणाऱ्यांचे गुडघे गेलेले आहेत, हे आम्हाला पहिली म्हातारी जिन्यापाशी येऊन मटकन खाली बसली तेव्हा कळलं. इस्राएलला जाणाऱ्या पोरानं मग एकेकाला उचलून वर नेलं. प्रमुख पाहुणे पुढारी होते, म्हणून यायला उशीर झाला. म्हातारे बसून राहिले, चुळबुळ करायला लागले, मग एकमेकांच्या कानात बोलायला लागले. संडासाला कुलूप होतं आणि किल्लीवाला शिपाई पाहुण्यांना घ्यायला रस्त्यावर उभा. शेवटी पाहुणे आले आणि वृद्धाश्रम ही आपली संस्कृतीच नव्हे, आपल्या मराठवाड्यात म्हातारा माणूस घराघरात देवासारखा पुजला जातो, यावर दणकून बोलले. टाळ्या आम्हीच वाजवल्या. म्हाताऱ्यांना टाळ्या वाजवण्याइतकीही हालचाल परवडण्यासारखी नव्हती. मला तेव्हा शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम घड्याळ बघत होत्या.

घराघरात देवासारखा! आमच्या घरातला देव मुक्कामाला फिरता होता. आजी गेली त्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पंच बसवून वाटणी केली. शेत तीन पोरांत वाटलं, विहिरीच्या पाण्याची पाळी वाटली, अगदी बांधावरची चिंचही कोणत्या वर्षी कुणी झोडपायची ते ठरलं. सगळ्यात शेवटी आबांनाच वाटून टाकलं. चैत्र मोठ्या काकांचा, वैशाख मधल्या काकांचा, जेठ पप्पांचा, पुन्हा आषाढ मोठ्या काकांचा, असं करत प्रत्येकाच्या वाट्याला चार चार महिने आले. मोठे काका आणि आम्ही गावात, मधले काका मानवतला मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, कामाला. दर महिन्याचा पाडवा लागला की आबा बोचकं बांधणार आणि पुढच्या घरी जाणार. मधल्या काकांकडं पूर्वी कुणीतरी पोचवायला जायचं. सरकारनं एवढ्या म्हाताऱ्यांना एसटी फुकट केल्यापासून तेही बंद झालं. आता तुम्हाला तिकिटाची झंझटच न्हाई, असं पोरांनी त्यांना आनंदानं सांगितलं.

आबाही काही गरीब गाय नव्हते, गैरसमज नको. एका घरच्या गोष्टी दुसऱ्या घरी तिखटमीठ लावून पोचवायचं काम ते नेमानं करायचे. आईच्या हातची भाकरी खाताना मानवतच्या काकूच्या भाकरीचं कौतुक, आणि तिच्याकडं गेले की आईच्या वरणाचं. साखरेची बिमारी असून उशीखाली गुळाचे खडे. मोबाईलवर कीर्तन लावलं की अख्ख्या गल्लीला पुण्य. तरी पाडव्याच्या आदल्या दिवशी बोचकं बांधताना ते गप्प व्हायचे, आणि ते मला बघवायचं नाही.

तर अशी चोख वाटणी. पंचांमध्ये दांडगे हिशेबी लोक होते, पण एक गोष्ट सगळ्यांच्या डोक्यातून निसटली. दर तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक महिना जास्तीचा येतो. अधिक महिना, आमचा धोंड्याचा महिना. तो कुणालाच वाटून दिलेला नव्हता.

पहिल्यांदा तो आला तेव्हा श्रावण अधिक होता, आणि श्रावण मधल्या काकांचा. तेव्हा पप्पा छातीठोकपणे म्हणाले होते, "नाव श्रावणाचं हाय ना? मंग तो श्रावणवाल्याचाच." मधले काका ऐकेनात. शेवटी दहा दहा दिवस वाटून घेतले आणि त्या फिराफिरीत आबांना असा ताप भरला की कुणाच्या दहा दिवसांत दवाखाना करायचा यावरून पुन्हा भांडण. आता धोंडा परत आला, ऐन उन्हाळ्यात आला, आणि आला तो नेमका जेठाला धरून.

वैशाख सरत आला तसा मधल्या काकांचा फोन सुरू झाला. "धोंडा जेठाचा हाय. जेठ तुझा. तूच म्हणाला होतास मागं."

"तवाचं येगळं," पप्पा म्हणाले. "माझा जेठ खरा, पुढचा. हा खोटा जेठ माझा कसा?"

मोठे काका तर कानावर हात ठेवूनच बसले. त्यांच्या दोन पोरी दिलेल्या, आणि धोंड्याच्या महिन्यात जावयाचा मान. अनारसे, धोंडे, कपडे, दिवे. आबा ज्या खोलीत झोपायचे ती खोली जावयांसाठी रंगवून झाली होती, आणि कूलरही तिथंच नेऊन लावला होता. "जावयाला काय ओसरीवर झोपवू?" मोठ्या काकू म्हणाल्या. जन्म दिलेल्या माणसाला ओसरी चालते, पोरगी नेलेल्याला चालत नाही, हा धर्म आहे म्हणे. ज्या महिन्यात दानाचं पुण्य कितीतरी पटीनं मिळतं त्याच महिन्यात आमच्या घरातले तीन कर्ते पुरुष बाप दुसऱ्याला दान करायला निघाले होते.

वैशाखाच्या अमावस्येला बैठक बसली, आमच्या ओसरीवर. मधले काका आबांना घेऊनच आले होते, बोचक्यासकट. त्यांनी बोचकं दारात ठेवलं, आत आणलं नाही. आत आणलं तर आमच्याकडं जमा झालं असं धरलं गेलं असतं. आबा भिंतीला टेकून बसले. पुन्हा दहा दिवसांची गोष्ट निघाली तसे ते कडाडले, "दहा दहा दिसाला बोचकं बांधायला मी काय तमाशाचा फड हाय का?"

मग मधल्या काकांची नजर माझ्यावर गेली.

"हिला इचारा की. म्हाताऱ्यांचंच शिकायली न्हवं?"

"हां, सांग बाई," मोठे काका म्हणाले. "तुझं पुस्तक काय म्हणतंय?"

मला इतका राग आला होता की पुस्तक आठवेना. "पुस्तक म्हणतंय, आबांना विचारा," मी म्हणाले.

मोठे काका हसले, मधले काकाही हसले. आबांना काय विचारायचं? विहीर वाटताना कुणी विहिरीला विचारतं का? पण प्रश्न तर हवेत सुटला होता, आणि आबांनी तो पकडला.

"मला आखाड्यावर ऱ्हायचंय," ते म्हणाले.

आखाडा म्हणजे आमचं शेतातलं घर. दोन खोल्या, पुढं पत्रे, दारात कडुलिंबाचं मोठं झाड, थोड्या अंतरावर विहीर. आजी असेपर्यंत आबा-आजी तिथंच राहायचे. आता तिथं खताच्या गोण्या आणि फवारणीचे पंप. एकदम गलका झाला. साप निघतंय, ऊन हे असं, एकट्यानं कसं होईल, लोक तोंडात शेण घालतील आमच्या. गलका चालू असतानाच एकेकाच्या तोंडावर उजेड पडत गेला. आखाड्यावर म्हणजे आपल्याकडं नाही. आपल्याकडं नाही आणि दुसऱ्याकडंही नाही. कुणाचीच हार नाही!

"शेवटी म्हाताऱ्या माणसाचं मन राखावं," मधले काका म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि त्या पडण्याचा आवाजही मला ऐकू आल्यासारखा वाटला.

मॅडमनी आम्हाला त्याच उन्हाळ्यात काम दिलं होतं: एका वृद्ध व्यक्तीसोबत महिनाभर राहायचं आणि तिच्या दिनक्रमाचं निरीक्षण करायचं. मी म्हणाले, मी राहते आबांजवळ. सगळ्यांना पोरगी लय गुणाची वाटली. आई फक्त म्हणाली, "डबा मीच धाडणार असंन, न्हाई का?" आणि तो महिनाभर तिनंच धाडला.

पहिले दिवस आम्ही भांडलो. आंघोळ नको, गोळी नको, उन्हात बांधावर फिरायला मात्र पाहिजे. मी म्हणायचे, "आबा, तुमच्या वयात शरीरातलं पाणी कमी होतं." ते म्हणायचे, "शेतातलं बी झालंय. त्याला कोणती गोळी देतीस?" गूळ त्यांनी इथंही आणला होता. मी तो शोधून फेकला, त्यांनी दोन वेळा जेवण टाकलं, मग मी हार मानून एक खडा परत दिला. कॉलेजात ह्याला रुग्णाच्या स्वायत्ततेचा आदर म्हणतात.

मॅडमची प्रश्नावली मी एका दुपारी लिंबाखाली काढली. नमुना प्रश्न होता: आपल्याला एकटेपणा वाटतो का? नेहमी, कधी कधी की कधीच नाही?

आबांनी बराच विचार केला. "कुणाच्या घरी असतानाचं इचारायलीस?"

त्याला चौकट नव्हती. मी पुढचा प्रश्न घेतला.

मग मेंढरंवाला आला. दर उन्हाळ्यात तो आपला कळप रिकाम्या शेतात बसवायचा. शेताला खत मिळतं, त्याला दाणागोटा. आबांची आणि त्याची जुनी ओळख. दोघं दिवसभर लिंबाखाली बसून कोण मेलं आणि कोण मरायला टेकलंय याचा आढावा घ्यायचे, आणि मी इतकं खळखळून हसताना आबांना कधी बघितलं नव्हतं. कळप पुढं निघाला तेव्हा त्याची एक गाभण शेळी पायानं अधू झाली होती, चालवेना. आबांनी ती ठेवून घेतली, अर्धलीनं. म्हणजे जनावर त्याचं, सांभाळ आपला, होतील ती पिल्लं अर्धी अर्धी.

मी कपाळाला हात लावला. "आबा, पाडव्याला पप्पा न्यायला येतील. शेळीचं काय करणार? तीही तीन घरं फिरणार का?"

"बगू," आबा म्हणाले आणि शेळीच्या पायाला हळद लावत बसले. त्या दिवसापासून ते माझ्या आधी उठायला लागले. गोळीही आपणहून घ्यायचे, कारण शेळीला पाला आणायला बांधापर्यंत जायचं तर पायात दम पाहिजे. मला आनंद व्हायचा आणि लगेच धाकधूक व्हायची. पाडवा जवळ येत होता, आणि बोचकं अजून कुणी बांधायला घेतलं नव्हतं.

त्याच महिन्यात मला नोकरी लागली. पुण्यातल्या एका मोठ्या संकुलात, जिथं फक्त श्रीमंत म्हातारे राहतात. आखाड्यावर रेंज फक्त विहिरीच्या काठावर यायची, म्हणून मुलाखत मी तिथं उभं राहून दिली. पलीकडची बाई इंग्रजी-मराठी मिसळून विचारत होती, ज्येष्ठांसोबत प्रत्यक्ष राहण्याचा अनुभव आहे का, आणि मागून शेळी ओरडत होती. "तो आवाज कसला?" तिनं विचारलं. "ॲनिमल थेरपी," मी म्हणाले. ती फार खूश झाली. हुद्दा होता हॅपिनेस कोऑर्डिनेटर. म्हाताऱ्यांना आनंदात ठेवायची जिम्मेदारी माझी. पावसाळा संपायच्या आत रुजू व्हायचं होतं.

मी फक्त आबांना सांगितलं.

"त्या म्हाताऱ्यांची पोरं कुठं असतात?" त्यांनी विचारलं.

"अमेरिकेत बिमेरिकेत."

"म्हंजे त्यांच्या पोरांच्या जागी तू."

"तसंच म्हणा."

"लय चांगलं," ते म्हणाले. त्यांना खरंच चांगलं वाटलं होतं, तोंडावरून कळत होतं. मग पाल्याची डहाळी शेळीपुढं टाकत त्यांनी विचारलं, "बापाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मंग मी इथं हाय तवर नको सांगू. त्याचा सगळा राग शेळीवर निघंल."

धोंडा सरला. पाडव्याच्या सकाळी पप्पा मोटारसायकलवर आले, डोक्याला ओला रुमाल गुंडाळून. महिनाभर ते एकदा डोकावून गेले होते, काकांपैकी कुणी तेही नाही. आज मात्र मधल्या काकांचा मानवतहून उजाडताच फोन आला होता, जेठ लागला, आणलं का?

"चला आबा," पप्पा म्हणाले. "बोचकं कुठाय?"

"बांधलं न्हाई," आबा म्हणाले. ते शेळीजवळ खाटेवर बसले होते. "मी इथंच हाय."

"इथंच म्हंजे? आज जेठ लागला. माझा महिना हाय हा. लोक मला नावं ठेवतील."

"धोंडाभर मी इथं होतो, तवा ठेवली का कुणी नावं? महिना कुणाचाच नव्हता, तर लाज बी कुणाला न्हाई वाटली. आता वाटायली व्हय?"

पप्पांनी रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळले. "तू तर शिकलीस. समजाव त्यांना."

"त्यांना इथंच राहायचंय पप्पा," मी म्हणाले. "राहू द्या. मला आता बोचकं बांधून द्यायला सांगू नका, मी देणार नाही."

"आन पडले झडले तर? ते कुणाच्या महिन्यात धरायचं?"

हे त्यांनी खरोखर विचारलं. मस्करीत नाही. आबा मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला. "जमलं तर मोठ्याच्या महिन्यात पडतो," ते म्हणाले. "झालं समाधान?"

पप्पा खाली बसले. मी पाणी दिलं. ते सगळा तांब्या प्याले आणि बराच वेळ शेळीकडं बघत राहिले. त्यांचा राग उतरत होता हे मला दिसत होतं. माणूस वाईट नाही माझा बाप. त्याला जेवढं वाटून मिळालं तेवढंच आपलं समजायची सवय लागली आहे, एवढंच.

"किती दिवसांची हाय?" त्यांनी शेवटी शेळीबद्दल विचारलं.

"व्याईल पोळ्याच्या आसपास," आबा म्हणाले. मग आवाज खाली आणून, अगदी सहज, त्यांनी पप्पांना विचारलं, "मला तीन लेकरं. बारा महिने वाटले तरी एक उरलाच. तुला तर ही एकच. तुझे बारा कुणाला वाटायचे रे?"

पप्पा हसले. त्या सकाळी पहिल्यांदाच, मनापासून. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मला वाटायचं कामच काय?" ते म्हणाले. "माझी पोरगी म्हाताऱ्यांचंच शिकली. मला काय फिकीर?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग विहिरीच्या काठाकडं बघितलं. शेळीला पाणी पाजायचं राहिलं होतं. मी बादली उचलली.